लहान मुलाला नैराश्यरोधी औषध सुचवले जाते तेव्हा: होकाराआधी काय विचारावे, नंतर काय पाहावे

सात-आठ वर्षांच्या मुलाच्या चिठ्ठीवर फ्लुऑक्सेटीन किंवा सर्ट्रालीन असे नाव लिहिलेले असते, घरी येऊन ते शोधले की ‘नैराश्यावरील औषध’ अशी ओळ समोर येते, आणि पालकांच्या पोटात गोळा येतो. काही पालक त्या भीतीने चिठ्ठी खणात ठेवून देतात आणि डॉक्टरांकडे पुन्हा जातच नाहीत. काही जण डॉक्टरांनी लिहिले म्हणजे विचारण्यासारखे काही उरले नाही, असे समजून त्याच रात्री पहिली मात्रा देतात. दोघांच्याही हातून एकच गोष्ट सुटते. चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि मात्रा असते, परंतु हे औषध नेमक्या कोणत्या लक्षणासाठी दिले आहे आणि पहिले आठ आठवडे मुलावर कोण, कसे लक्ष ठेवणार आहे, हे तिच्यावर लिहिलेले नसते. बारा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत उपचाराचे बरेवाईट बहुतांशी या न लिहिलेल्या भागावर ठरते, आणि तो भाग पालकांनी मागून घ्यावा लागतो. पुढील मजकूर त्यासाठी आहे. तो डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. त्यांच्यासमोर बसताना हाताशी असावा, इतकाच त्याचा हेतू आहे.

आधी विचारा: हे औषध कशासाठी?

‘नैराश्यरोधी’ हे या औषधांच्या गटाला इतिहासाने चिकटलेले नाव आहे. लहान मुलांमध्ये ती अनेकदा नैराश्यासाठी दिलीच जात नाहीत. पुन्हा पुन्हा हात धुणे, मोजणे, तपासणे अशा मंत्रचळाच्या विकारासाठी, तीव्र चिंताविकारासाठी, घराबाहेर तोंडातून शब्दच न फुटणाऱ्या निवडक मौनासाठी ती लिहिली जातात. इमिप्रामीन हे जुन्या पिढीतील औषध तर झोपेत अंथरूण ओले होण्यावरही वापरले गेले आहे. म्हणून पहिला प्रश्न ‘हे औषध सुरक्षित आहे का’ असा नसावा. ‘आमच्या मुलाच्या कोणत्या त्रासासाठी हे दिले आहे, आणि त्या त्रासावर या वयात त्याचा उपयोग होतो याचा पुरावा किती भक्कम आहे’ असा असावा, कारण त्रास बदलला की उत्तरही बदलते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेल्या मान्यता पाहिल्या तर हा फरक स्पष्ट होतो. मंत्रचळासाठी सर्ट्रालीनला सहा वर्षांपासून, फ्लुऑक्सेटीनला सात, फ्लुवोक्सामाइनला आठ आणि क्लोमिप्रामीनला दहा वर्षांपासून मान्यता आहे. सर्वसाधारण चिंताविकारासाठी ड्युलॉक्सेटीनला २०१४ मध्ये आणि एस्सिटॅलोप्रॅमला २०२३ मध्ये सात वर्षांपासूनची मान्यता मिळाली. नैराश्यासाठी मात्र आठ वर्षांपासून फक्त फ्लुऑक्सेटीन आणि बारा वर्षांपासून एस्सिटॅलोप्रॅम, एवढीच ही यादी आहे. युरोपच्या औषध संस्थेने २००६ मध्ये फ्लुऑक्सेटीनला आठ वर्षांपासून परवानगी दिली, ती मध्यम ते तीव्र नैराश्यासाठी आणि मानसोपचाराच्या चार ते सहा बैठकांनी फरक पडला नसेल तरच. शिवाय औषधासोबत मानसोपचार चालू ठेवण्याची अट घातली.

मान्यता नसलेल्या वयात किंवा विकारात औषध देणे बेकायदेशीर नसते आणि प्रत्येक वेळी चुकीचेही नसते. बालरोगाच्या क्षेत्रात असा वापर सर्रास होतो, कारण लहान मुलांवर चाचण्याच कमी होतात. पण तसे असेल तर डॉक्टरांनी ते आपण होऊन सांगावे आणि कारण द्यावे, ही अपेक्षा रास्त आहे. ते सांगत नसतील तर ‘या वयासाठी आणि या आजारासाठी याला मान्यता आहे का’ असे सरळ विचारावे. या प्रश्नावर चिडणाऱ्या डॉक्टरांपेक्षा न चिडता उत्तर देणारे डॉक्टर पुढच्या आठ आठवड्यांसाठी अधिक उपयोगी पडतात.

निदान कशावर उभे आहे?

लहान मूल ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणते. त्याचे नैराश्य चिडचिडेपणातून, रोज सकाळी दुखणाऱ्या पोटातून, आवडत्या खेळातून अंग काढून घेण्यातून, उगाचच्या रडण्यातून दिसते. याच खुणा इतर दहा कारणांनीही दिसू शकतात. म्हणून पंधरा मिनिटांच्या एका भेटीत, केवळ आईवडिलांचे ऐकून झालेले निदान मला पुरेसे वाटत नाही. मुलाशी एकट्याने झालेले बोलणे, शिक्षकांचे निरीक्षण आणि किमान दोन भेटी, इतके तरी त्यामागे असावे.

शारीरिक बाजू आधी तपासून घ्यावी. थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय, घोरण्यामुळे मोडणारी झोप यांनी मूल मरगळते आणि चिडचिडे होते. मूल आधीपासून घेत असलेली औषधे एका कागदावर लिहून न्यावीत, कारण काही औषधेच मनःस्थिती बिघडवतात. दमा आणि ॲलर्जीसाठी दिल्या जाणाऱ्या माँटेल्युकास्टवर अमेरिकी औषध प्रशासनाने २०२० मध्ये मानसिक दुष्परिणामांबद्दल सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. अपस्मारावरील लेव्हेटिरासेटॅममुळे चिडचिड आणि आक्रमकता वाढू शकते. स्टिरॉइड पोटात घेतल्यास मूड वरखाली होतो. ज्या मुलाचा त्रास अशा औषधापाशी सुरू झाला, त्याला दुसरे औषध वाढवून देण्याआधी पहिल्याचा विचार व्हायला हवा.

त्यानंतर मुलाच्या अवतीभवती पाहावे. शाळेत कोणी छळत आहे का, वाचता न येण्याची अडचण आळसाच्या नावाखाली झाकली गेली आहे का, ऐकू कमी येते का, घरात मारहाण किंवा कडाक्याची भांडणे आहेत का, कोणी मुलाला नको तसा स्पर्श करते आहे का, हे प्रश्न अवघड असले तरी टाळता येत नाहीत. ज्या परिस्थितीने मूल खचले आहे ती तशीच ठेवून त्याला गोळी देणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून रोज फरशी पुसणे.

आणखी एक प्रश्न पालकांनी स्वतःला विचारावा: आपण स्वतः बरे आहोत का? अमेरिकेत नैराश्यग्रस्त माता आणि त्यांची मुले अशा १५१ जोड्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मातांचे नैराश्य तीन महिन्यांच्या उपचाराने ओसरले, त्यांच्या मुलांमधील मानसिक त्रासाचे प्रमाण कमी झाले. ज्यांचे ओसरले नाही, त्यांच्या मुलांमध्ये ते वाढलेले आढळले. हा दोष देण्याचा मुद्दा नाही. कधी कधी मुलासाठी सर्वांत परिणामकारक चिठ्ठी आईच्या किंवा वडिलांच्या नावाने लिहावी लागते, इतकाच त्याचा अर्थ.

औषधाआधी काय करून पाहावे

सहा वर्षांखालील मुलाला नैराश्यासाठी हे औषध सुचवले गेले असेल, तर दुसऱ्या बालमानसोपचारतज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. या वयात औषधाच्या बाजूने भरवशाच्या चाचण्या जवळजवळ नाहीत, आणि दुसऱ्या मार्गाच्या बाजूने मात्र आहेत. तीन ते सहा वर्षांच्या नैराश्यग्रस्त मुलांसाठी पालक आणि मूल यांना एकत्र बसवून, तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली खेळ, शिस्त आणि भावना ओळखणे शिकवणारी एक पद्धत अमेरिकेत तपासली गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत २२९ मुले आणि त्यांचे पालक होते, आणि अठरा आठवड्यांनी उपचार मिळालेल्या मुलांचे नैराश्य प्रतीक्षा यादीतील मुलांच्या तुलनेत पुष्कळच कमी झाले होते. ही पद्धत तशीच्या तशी सर्वत्र मिळेल असे नाही. परंतु ‘पालकांना प्रशिक्षण देणारा उपचार या मुलासाठी उपलब्ध आहे का’ हे विचारायला काहीच हरकत नाही.

पाच ते अकरा वयोगटाबद्दल ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही आधी मानसोपचार, असेच सांगतात. त्याने फरक पडला नाही तर फ्लुऑक्सेटीनचा सावधपणे विचार करता येईल, मात्र या वयोगटात त्याची परिणामकारकता सिद्ध झालेली नाही, असे त्या सूचना स्पष्टपणे नोंदवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात मुले आणि किशोरवयीनांवरील ३४ चाचण्या आणि १४ औषधे एकत्र तपासली गेली, तेव्हा नैराश्यावर औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरलेले एकमेव औषध फ्लुऑक्सेटीन होते.

चिंताविकारांचे चित्र याहून आशादायक आहे, आणि हे घाबरलेल्या पालकांनी आवर्जून वाचावे. सात ते सतरा वर्षांच्या ४८८ मुलांवरील चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारा सीबीटी हा मानसोपचार आणि सर्ट्रालीन असे दोन्ही मिळालेल्या गटात शंभरांपैकी सुमारे ८१ मुले बरीच सुधारली. फक्त सीबीटी मिळालेल्यांत सुमारे ६०, फक्त सर्ट्रालीन मिळालेल्यांत सुमारे ५५ आणि औषधविरहित गोळी मिळालेल्यांत सुमारे २४. शाळेच्या दारात रोज थरथरणाऱ्या, महिनोन्‌महिने घराबाहेर न पडणाऱ्या मुलाला औषध नाकारणे हाही एक निर्णय असतो आणि त्याचीही किंमत मुलालाच मोजावी लागते. मात्र याच आकड्यांवरून हेही दिसते की चांगला सीबीटी एकटा औषधाइतके काम करू शकतो आणि औषध एकटे देणे हा तिन्ही उपचारांतील सर्वांत फायदेशीर पर्याय नव्हता.

तो इशारा नीट वाचा

या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत आत्महत्येच्या विचारांबद्दल इशारा असतो. तो कुठून आला हे माहीत असले की त्याचे वजन नेमके कळते.

पॅरॉक्सेटीन या औषधाची किशोरवयीनांवरील एक चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, ती ‘अभ्यास ३२९’ या नावाने ओळखली जाते. औषध परिणामकारक आहे आणि सामान्यतः चांगले सोसते, असा तिचा निष्कर्ष होता. २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधकांनी त्याच चाचणीची मूळ कागदपत्रे पुन्हा तपासली, तेव्हा औषध परिणामकारकही नव्हते आणि आत्महत्येच्या विचारांसारखे गंभीर दुष्परिणाम मूळ लेखात दिसतात त्याहून अधिक होते, असे निघाले. दरम्यान ब्रिटनच्या नियामकांनी २००३ मध्येच अठरा वर्षांखालील नैराश्यग्रस्तांना पॅरॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन आणि वर्षअखेरपर्यंत फ्लुऑक्सेटीन वगळता या गटातील बहुतेक औषधे देऊ नयेत, असे कळवले. २००४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने २४ चाचण्यांमधील ४,४०० हून अधिक मुलांची माहिती एकत्र केली. आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन औषध घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे चौघांत आणि औषधविरहित गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे दोघांत दिसले. त्या चाचण्यांत एकाही मुलाने प्रत्यक्ष आत्महत्या केली नाही. यावरून काळी चौकट आली आणि २००७ मध्ये तिची वयोमर्यादा चोवीस वर्षांपर्यंत वाढवली गेली.

‘धोका दुप्पट’ हे खरे आहे आणि ‘शंभरांत दोघे जास्त’ हेही खरे आहे. पहिल्या वाक्याने भीती वाटते आणि दुसऱ्याने कृती सुचते. जे दोघे जास्त आहेत त्यांत आपले मूल असेल का, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. तसे झाले तर ते दोन-तीन दिवसांत लक्षात यावे, अशी व्यवस्था मात्र लावता येते. इशाऱ्यानंतर मुलांना ही औषधे देण्याचे प्रमाण अनेक ठिकाणी घटले, आणि त्या घटीने भले झाले की उपचाराविना राहिलेल्या मुलांचे नुकसान झाले, यावर तज्ज्ञ अजून भांडत आहेत. पालकांना त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही.

होकार देण्याच्या भेटीत

कुटुंबातील माहिती लपवू नये. आईवडील, भावंडे, काका, मावशी, आजी-आजोबा यांपैकी कोणाला द्विध्रुवी विकार, म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य यांचे आळीपाळीने येणारे झटके असतील, किंवा कोणी आत्महत्या केली असेल, तर ते सांगणे मुलाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे, कारण अशा घरातील मुलाला हे औषध अतिउत्साहाकडे ढकलू शकते. कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल किंवा मुलाच्या हृदयाच्या ठोक्यांत दोष असेल तर तेही सांगावे. सिटॅलोप्रॅम, एस्सिटॅलोप्रॅम आणि विशेषतः इमिप्रामीनसारखी जुनी औषधे हृदयाच्या विद्युत्-लयीवर परिणाम करतात आणि त्यासाठी ईसीजी काढून घ्यावा लागू शकतो.

दोन किंवा तीन लक्षणे निवडून ती मोजता येतील अशा शब्दांत लिहून घ्यावीत. ‘मूल आनंदी व्हावे’ हे मोजता येत नाही. ‘आठवड्यातून चार दिवस रडत शाळेत जाते’, ‘हात धुण्यात दिवसाचे दोन तास जातात’, ‘झोप लागायला दीड तास लागतो’ हे मोजता येते. औषध सुरू होण्याआधी एक आठवडा या गोष्टींची नोंद ठेवली तर पुढे काय बदलले हे आठवणीवर सोपवावे लागत नाही. याच नोंदीत मुलाची आधीची डोकेदुखी, पोटदुखी, अस्वस्थपणा हेही लिहावे, म्हणजे जुना त्रास नव्या औषधाच्या माथी मारला जाणार नाही.

त्याच भेटीत ठरवून घ्यावे की पुढची भेट कधी, मधल्या काळात अडचण आली तर फोन कोणाला करायचा, आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी कुठे जायचे. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला संपर्क असावा, असे ‘नाइस’च्या सूचना सांगतात, अमेरिकेतील सुरुवातीच्या इशाऱ्यातही पहिले चार आठवडे दर आठवड्याला आणि पुढचे चार आठवडे पंधरवड्याने भेट सुचवली होती. एका महिन्याची औषधे देऊन ‘महिन्याने या’ असे कोणी सांगितले, तर निदान दर आठवड्याला फोनवर बोलण्याची वेळ तरी मागून घ्यावी.

मुलाला सांगायचे राहून जाते. सहा वर्षांच्या मुलालाही सांगता येते: ‘तुझ्या मनात भीतीची घंटा उगाच मोठ्याने वाजते, ती हळू वाजावी म्हणून हे औषध आहे. ते घेतल्यावर अंगात किंवा मनात काही वेगळे वाटले तर लगेच आम्हाला सांग, आम्ही रागावणार नाही.’ जीवनसत्त्वाची गोळी आहे असे सांगून दिलेले औषध एक दिवस उघडकीस येते, आणि त्या दिवसापासून मूल त्याला काय वाटते ते सांगेनासे होते. या उपचारात त्याचे सांगणेच तर आपल्याला हवे असते.

मात्रा आणि मोजमाप

लहान मुलात सुरुवात कमी मात्रेने होते. फ्लुऑक्सेटीन बहुधा दिवसाला १० मिलिग्रॅमने, आणि काही डॉक्टर त्याहूनही कमी मात्रेने सुरू करतात. फ्लुऑक्सेटीनच्याच माहितीपत्रकात नोंद आहे की त्याच मात्रेवर लहान मुलांच्या रक्तातील औषधाचे प्रमाण किशोरवयीनांच्या जवळजवळ दुप्पट आढळले. त्यामुळे थोरल्या भावाची मात्रा धाकट्याला चालेल असे गृहीत धरू नये, आणि ‘अजून गुण नाही’ म्हणून आठवड्याभरात मात्रा वाढवण्याचा आग्रह धरू नये.

पातळ औषध मिळाले असेल तर मोजण्यात चूक होण्याचा धोका मोठा आहे. फ्लुऑक्सेटीनच्या नेहमीच्या द्रावणात ५ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे १० मिलिग्रॅमसाठी अडीच मिलिलिटर. सर्ट्रालीनच्या संहत द्रावणात मात्र १ मिलिलिटरमध्येच २० मिलिग्रॅम असते, आणि ते पातळ करूनच द्यावे लागते. दोन्ही बाटल्यांवर ‘२०’ हाच आकडा दिसतो आणि औषध पाचपट असते. म्हणून डॉक्टरांकडून मात्रा मिलिग्रॅम आणि मिलिलिटर अशा दोन्ही मापांत लिहून घ्यावी, ती बाटलीवरील लेबलाशी पडताळावी, आणि घरातील चमच्याऐवजी औषधाच्या पिचकारीने मोजावी. फ्लुऑक्सेटीन सहसा सकाळी देतात, कारण त्याने झोप उडू शकते. एक मात्रा चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये.

बाटली किंवा पाकीट कुलपात ठेवावे आणि औषध मोठ्या माणसाने हातात द्यावे. इमिप्रामीन किंवा क्लोमिप्रामीन घरात असेल तर हे काटेकोरपणे पाळावे, कारण या औषधांच्या थोड्याशा जादा गोळ्याही लहान मुलाच्या हृदयाला घातक ठरू शकतात, आणि त्या गिळणारे मूल ज्याच्यासाठी औषध आणले तेच असेल असे नाही, धाकटे भावंडही असू शकते.

पहिले आठ आठवडे

पोट बिघडणे, मळमळ, डोकेदुखी, झोपेत फरक हे पहिल्या आठवड्यात अनेकांना होते आणि बहुधा ओसरते. याची नोंद ठेवावी, पण घाबरू नये.

खरे लक्ष द्यायचे ते ज्याला डॉक्टर ‘ॲक्टिव्हेशन’ म्हणतात त्याकडे. शांत मूल अचानक एका जागी बसेनासे होते, अखंड बोलते, कारण नसताना खिदळते, फर्निचरवरून उड्या मारते, क्षुल्लक नकारावर आदळआपट करते, रात्री दोन वाजता जागे होऊन खेळायला लागते. हे बहुधा पहिल्या काही दिवसांत किंवा मात्रा वाढवल्यानंतर लगेच दिसते, आणि मूल जितके लहान तितकी त्याची शक्यता जास्त असते. पालकांची इथे हमखास फसगत होते. कोमेजलेले मूल एकदम उधळायला लागले की औषध लागू पडले असे वाटते. उलट काही घरांत तो खोडकरपणा समजून मुलालाच शिक्षा होते. ही अवस्था दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. बहुधा मात्रा कमी केली जाते किंवा औषध थांबवले जाते, आणि मूल पूर्ववत होते. कमी झोपूनही थकवा नाही, स्वतःबद्दल अचाट कल्पना, वेगाने धावणारे बोलणे हे सारे मात्रा कमी करूनही दिवसेंदिवस टिकले, तर अतिउत्साहाच्या झटक्याची शंका घ्यावी लागते आणि त्याची तपासणी वेगळी असते.

लहान मुलाच्या तोंडी आत्महत्या हा शब्द येईलच असे नाही. ‘मी नसतो तर बरे झाले असते’, ‘मला झोपून उठायचेच नाही’, ‘मी मेलो तर तुम्ही रडाल का’ अशा वाक्यांतून, बाहुलीला पुन्हा पुन्हा मारून टाकण्याच्या खेळातून, चित्रांतून, स्वतःला चावण्या-ओरबाडण्यातून किंवा मुद्दाम रस्त्यावर धावत जाण्यातून ते दिसू शकते. असे काही दिसले की शांतपणे, सरळ विचारावे: ‘तुला मरून जावेसे वाटते का? स्वतःला काही करावेसे वाटते का?’ विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरत नाही. न विचारल्याने मात्र ते एकटे पडते. उत्तर होकारार्थी असेल तर मुलाला एकटे सोडू नये, औषधे, धारदार वस्तू आणि दोऱ्या त्याच्या हाताबाहेर ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मूल हसतखेळत उठले तरी ही भेट रद्द करू नये.

सर्दी-खोकल्याच्या औषधांकडे कोणाचे लक्ष जात नाही. खोकल्याच्या अनेक औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असते. फ्लुऑक्सेटीन घेणाऱ्या मुलात त्याचे प्रमाण वाढते आणि दोन्ही मिळून शरीरात सेरोटोनिन या मेंदूत संदेश वाहणाऱ्या रसायनाचा अतिरेक होऊ शकतो. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक आणि लिनेझोलिड हे प्रतिजैविक यांचेही तसेच. ताप, थरथर, स्नायूंना झटके, खूप घाम, गोंधळलेपण अशी लक्षणे एकत्र दिसली तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आयब्युप्रोफेनसोबत ही औषधे घेतल्यास रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते; वारंवार घोळणा फुटणे किंवा सहज काळेनिळे होणे नोंदवावे. मुलाला कोणत्याही कारणाने दुसरे डॉक्टर पाहत असतील, अगदी दातांचे असले तरी, त्यांना हे औषध चालू असल्याचे सांगावे.

शाळेतील एका विश्वासू शिक्षकाला कल्पना दिलेली बरी. औषधाचे नाव सांगण्याची गरज नाही. वागण्यात अचानक बदल दिसला तर कळवा, इतके पुरते.

गुण कधी, आणि नाही आला तर

चिंता आणि नैराश्यावर परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, मंत्रचळावर दहा-बारा आठवडेही. सुरुवातीला लिहून ठेवलेली लक्षणे याच टप्प्यावर उघडून पाहावीत. पुरेशी मात्रा पुरेसे आठवडे देऊनही आकडे हलले नसतील, तर त्यावर दुसरे औषध चढवण्याआधी निदान पुन्हा तपासण्याची विनंती करावी. एका औषधाने आलेला अस्वस्थपणा दुसऱ्या औषधाने दाबायचा, त्याने आलेली सुस्ती तिसऱ्याने घालवायची, अशी साखळी लहान मुलांत फार सहज तयार होते, आणि वर्षभराने कोणते लक्षण आजाराचे आणि कोणते औषधाचे हे कोणालाच ओळखता येत नाही. औषध चालू असेपर्यंत उंची आणि वजन दर भेटीत नोंदवून घ्यावे. भूक आणि वाढ यांवर यांतील काही औषधांचा परिणाम होतो.

थांबवताना

मूल बरे झाल्यावर साधारण सहा ते बारा महिने औषध चालू ठेवून मग थांबवण्याचा विचार करतात. ही तारीख सुरुवातीलाच अंदाजाने ठरवून घ्यावी, नाहीतर कोणी न थांबवल्यामुळे औषध वर्षानुवर्षे चालू राहते. थांबवण्यासाठी निवांत काळ निवडावा. नवी शाळा, घर बदलणे, परीक्षा किंवा घरातील दुःखद प्रसंग यांच्या तोंडावर ते करू नये. मात्रा काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करावी. फ्लुऑक्सेटीन शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, त्यामुळे ते सोडताना त्रास कमी होतो, मात्र उलट बाजूने त्याचा दुष्परिणामही औषध बंद केल्यावर काही आठवडे रेंगाळू शकतो. पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन एकदम थांबवल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड आणि विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना होऊ शकते.

हा त्रास आणि आजार परत येणे यांतील फरक बहुधा वेळेवरून कळतो. औषध कमी केल्यावर दोन-चार दिवसांत सुरू झालेली, शरीरात जाणवणारी आणि एक-दोन आठवड्यांत ओसरणारी लक्षणे औषध सोडल्याची असतात, आणि तेव्हा मात्रा कमी करण्याचा वेग आणखी मंद करावा लागतो. पाच-सहा आठवड्यांनी हळूहळू डोकावणारी, पहिल्या आजारासारखीच दिसणारी लक्षणे असतील तर तो आजार परतत असण्याची शक्यता अधिक. म्हणून शेवटच्या मात्रेनंतरही दोन-तीन महिने लक्षणांची ती नोंद चालू ठेवावी आणि त्या काळातली एक भेट आधीच ठरवून ठेवावी.